ओडिसियस देवांच्या हातचे बाहुले नव्हता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत ग्रीक पुराणकथांतील वीरांच्या प्रवासांवर प्रसिद्ध झालेला लेख मी आवडीने वाचला. मराठी वाचकांसाठी हा विषय कोणीतरी हाती घेतला याचाच मला आनंद झाला. लेखकाने ओडिसियस, जेसन आणि हेराक्लीस यांच्या कथा मोजक्या शब्दांत नेटकेपणाने सांगितल्या आहेत, हेही मान्य केले पाहिजे. मात्र हे सारे वीर म्हणजे देवांच्या सारीपाटावरील सोंगट्या होत्या, एका देवाने पुढे सरकवायच्या आणि दुसऱ्याने मारायच्या, हा लेखाचा निष्कर्ष मला पटत नाही. निदान ट्रॉयच्या युद्धाहून आपल्या इथाका बेटाकडे परतणाऱ्या ओडिसियसची कथा सांगणाऱ्या, होमरच्या ‘ओडिसी’ या महाकाव्याला तो लागू पडत नाही, असे माझे ठाम मत आहे. निवृत्त होईपर्यंत शाळेत भाषा शिकवताना ही कथा मी मुलांना सांगत आले, आणि ओडिसियसची पाठराखी देवी अथीना एवढी सामर्थ्यवान होती तर त्याला ट्रॉयहून घरी पोचायला दहा वर्षे का लागली, हा प्रश्न कोणी ना कोणी हमखास विचारीत असे. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर महाकाव्यातच आहे आणि ते सोंगट्यांच्या उपमेत बसत नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

‘ओडिसी’ हे २४ सर्गांचे, १२ हजारांहून अधिक ओळींचे काव्य इसवी सनपूर्व आठव्या-सातव्या शतकाच्या सुमारास आकाराला आले. त्यात देवांच्या तोंडी येणारे पहिले भाषण देवांचा राजा झ्यूस याचे आहे, आणि ते भाषण म्हणजे एक तक्रार आहे. माणसे ऊठसूट देवांना दोष देतात, सारी संकटे आमच्याकडून येतात असे म्हणतात; पण नशिबी असलेल्या दुःखावर आपल्याच अविचाराने आणखी दुःख ती स्वतः ओढवून घेतात, असे तो म्हणतो. उदाहरणादाखल तो एजिस्थसचे नाव घेतो. अ‍ॅगमेम्नॉनला मारू नकोस आणि त्याच्या पत्नीच्या मागे लागू नकोस, नाहीतर त्याचा मुलगा ओरेस्टीस मोठा होऊन सूड घेईल, असे देवांनी आपला दूत हर्मीस याला पाठवून त्याला आधीच बजावले होते. एजिस्थसने ऐकले नाही आणि व्हायचे तेच झाले. देवांनी सावध केले, पण त्याचा हात धरला नाही. महाकवीने हा प्रसंग मुख्य कथेच्या उंबरठ्यावरच ठेवला आहे, आणि पुढचे सारे काव्य वाचताना तो मनात ठेवूनच वाचावे अशी त्याची अपेक्षा असावी, असे मला वाटते.

आता पोसायडनच्या कोपाविषयी. लेखात त्याचे वर्णन ‘समुद्रदेवाचे वैर’ एवढ्यावर आटोपले आहे. परंतु हे वैर आकाशातून पडलेले नाही, आणि ते कसे उद्भवले हे नवव्या सर्गात तपशीलवार सांगितले आहे. ओडिसियस आपल्या १२ निवडक सोबत्यांना घेऊन सायक्लॉप्स म्हणजे एकडोळ्या राक्षसांपैकी पॉलिफीमसच्या गुहेत शिरतो तेव्हा गुहेचा मालक तेथे नसतो. चीजने भरलेल्या टोपल्या आणि कोकरा-करडांनी भरलेले वाडे पाहून सोबती विनवतात, की हे घेऊ आणि जहाजाकडे पळू. ओडिसियस ऐकत नाही. त्याला यजमान पाहायचा असतो आणि त्याच्याकडून पाहुणचाराची भेट मिळते का हे अजमावायचे असते. ‘ऐकले असते तर बरे झाले असते’, हे तो पुढे स्वतःच कबूल करतो. त्यानंतर सहा सोबती त्या राक्षसाच्या पोटात जातात. ऑलिव्हच्या लाकडाचा खुंट तापवून त्याचा एकुलता एक डोळा फोडणे, आपले नाव ‘कोणीच नाही’ असे सांगून त्याच्या शेजाऱ्यांना चकवणे आणि मेंढ्यांच्या पोटाखाली लपून बाहेर पडणे हा भाग सर्वांना ठाऊक आहे आणि मुलांना तो फार आवडतो. तोपर्यंत ओडिसियसने जे केले ते जीव वाचवण्यासाठी केले, याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही.

खरा घात त्यानंतर होतो, आणि संक्षिप्त रूपांतरांतून नेमका तोच भाग गाळला जातो. जहाज किनाऱ्यापासून सुटलेले असते. ओडिसियस मागे वळून राक्षसाला हिणवतो. पॉलिफीमस डोंगराचा कडा उपटून आवाजाच्या दिशेने भिरकावतो, आणि उसळलेल्या लाटेने जहाज पुन्हा किनाऱ्याला लागते. सोबती हातापाया पडतात, की आता तरी गप्प बसा. जहाज पहिल्यापेक्षा दुप्पट लांब गेल्यावर ओडिसियस पुन्हा ओरडतो, आणि या वेळी आपले खरे नाव, बापाचे नाव आणि गाव सांगून टाकतो. मी लेअर्टीसचा मुलगा ओडिसियस, इथाकाचा राहणारा! एवढ्यावरही तो थांबत नाही. तुझा डोळा तुझा बाप पोसायडनही बरा करू शकणार नाही, असे तो वर ऐकवतो. गुहेत अनामिक राहून जे कमावले ते त्याने अभिमानापोटी एका हाकेत घालवले. पॉलिफीमसला आता शाप द्यायला नाव मिळाले, आणि तो तत्काळ हात वर करून बापाला साकडे घालतो.

त्या शापाचे शब्द फार बारकाईने योजलेले आहेत. ओडिसियस घरी पोचूच नये, हे पहिले मागणे. पण घरी पोचणे त्याच्या नशिबीच असेल, तर त्याने उशिरा पोचावे, दुर्दशेत पोचावे, सगळे सोबती गमावून, परक्याच्या जहाजातून पोचावे आणि घरात त्याला संकट वाट पाहत असलेले दिसावे, हे दुसरे. पोसायडन मुलाचे गाऱ्हाणे ऐकतो, आणि दुसरे मागणे अक्षरशः खरे होते. पहिले मात्र होत नाही, कारण ते त्याच्या अधिकारात नाही. पाचव्या सर्गात समुद्रात ओडिसियसचा तराफा फोडण्यापूर्वी पोसायडन स्वतःशीच म्हणतो, की हा आता फिएशियन लोकांच्या भूमीजवळ आला आहे आणि तेथे याची सुटका ठरलेली आहे. तरीही मी त्याला पोटभर त्रास देणार. नियतीने आखलेल्या रेषेच्या आतच देवाला आपला राग काढावा लागतो. ट्रॉयच्या युद्धावरील ‘इलियड’ या होमरच्याच महाकाव्यात तर खुद्द झ्यूसला आपला लाडका मुलगा सार्पेडन मरणाच्या दारात दिसतो आणि त्याला वाचवावे असे वाटते, तेव्हा त्याची पत्नी हेरा त्याला सुनावते, की तुला हवे ते कर, पण बाकीच्या देवांना ते मान्य होणार नाही. झ्यूस मुलाला वाचवत नाही. तो पृथ्वीवर रक्ताचा पाऊस पाडतो. ज्या देवांचे स्वतःचे हात असे बांधलेले आहेत त्यांच्या हाती साऱ्या पटाचा डाव आहे, असे कसे म्हणावे?

अथीनेच्या बाजूनेही हेच दिसते. लेखात ती ‘पदोपदी पाठीशी उभी राहणारी देवी’ म्हणून आली आहे. ट्रॉयच्या युद्धात आणि इथाकाला पोचल्यानंतर हे खरे आहे. पण मधल्या भटकंतीत, सायक्लॉप्सच्या गुहेपासून थेट कॅलिप्सो या देवीच्या बेटापर्यंत, ती ओडिसियसच्या शेजारी कोठेही दिसत नाही. त्याबद्दल तो तिला जाबही विचारतो. तेराव्या सर्गात तो झोपेतच इथाकाच्या किनाऱ्यावर उतरवला जातो, जाग आल्यावर धुक्यामुळे त्याला स्वतःचे गावही ओळखू येत नाही, आणि अथीना राजपुत्रासारख्या नाजूक तरुण मेंढपाळाच्या वेशात समोर येते. तो तिलाही थाप मारतो, की मी क्रीटहून पळून आलेला माणूस आहे. देवी हसते, त्याला प्रेमाने कुरवाळते आणि आपले रूप प्रकट करते. तुझ्या प्रत्येक कष्टात मी तुझ्याजवळ असते, असे तिने म्हटल्यावर ओडिसियस मुळीच भारावून जात नाही. ट्रॉयमध्ये तू माझ्यावर कृपा केलीस हे मला ठाऊक आहे, पण तेथून निघाल्यावर माझ्या जहाजावर मी तुला कधी पाहिले नाही, असे तो तिच्या तोंडावर सांगतो. भक्ताने देवाला असे रोखठोक बोलणे आपल्या संतांच्या वाचकाला नवे नाही. ग्रीक वीराच्या तोंडी ते तितक्याच आपलेपणाने येते, हे पाहून मला नेहमीच समाधान वाटले आहे.

अथीनेचे उत्तर सरळ आहे. तू परतशील याबद्दल मला कधीच शंका नव्हती; पण माझा चुलता पोसायडन, ज्याच्या मुलाचा डोळा तू फोडलास, त्याच्याशी मला भांडण करायचे नव्हते. सहाव्या सर्गातही, ओडिसियस फिएशियन नगराबाहेरच्या राईत तिची प्रार्थना करतो तेव्हा, ती प्रार्थना ऐकते पण चुलत्याचा मान राखून त्याच्यासमोर उघडपणे येत नाही, असे कवी सांगतो. देवसभेत ओडिसियसच्या सुटकेचा विषय ती काढते तोही पोसायडन दूर इथिओपियन लोकांकडे यज्ञाला गेलेला असताना. देवांच्या घरातही वडीलधाऱ्यांचा मान, रागलोभ आणि योग्य वेळ पाहून बोलणे आहे. त्यातून माणसाला मदतीची वाट काढून द्यायची, तर ती वाट वळणावळणाचीच असणार. मुलांच्या त्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे मिळते. उरलेले अर्धे पाचव्या सर्गात आहे, आणि त्याविषयी मला जरा विस्ताराने लिहायचे आहे.

ओडिसियस कॅलिप्सोच्या ओजिजिया बेटावर सात वर्षे अडकून पडलेला आहे. तिने देऊ केलेले अमरत्व त्याने नाकारले आहे आणि रोज किनाऱ्यावर बसून तो समुद्राकडे पाहत रडतो. झ्यूसची आज्ञा घेऊन हर्मीस येतो आणि कॅलिप्सोला त्याला सोडावे लागते. येथे देवांनी त्याला एका रात्रीत उचलून इथाकाला ठेवले असते, तर कोणी आक्षेप घेतला नसता. तसे होत नाही. कॅलिप्सो त्याला कुऱ्हाड आणि वाकस देते, उंच झाडे कोठे आहेत ते दाखवते आणि निघून जाते. ओडिसियस २० झाडे पाडतो, ती तासतो, दोरी धरून ओळंब्यात आणतो. मग ती गिरमिटे आणून देते, तो भोके पाडून खुंट्या ठोकतो, डोलकाठी उभारतो, सुकाणू बसवतो, लाटा आत येऊ नयेत म्हणून चारी बाजूंनी वेताचे कूड विणतो. शिडाचे कापड तिने दिलेले, शीड त्याने बेतलेले. चार दिवसांत काम पुरे होते आणि पाचव्या दिवशी तो निघतो. सुतारकामाचे हे वर्णन होमर इतक्या बारकाईने करतो, की देवीने काय दिले आणि माणसाने काय केले याची वाटणी वाक्यावाक्याला स्पष्ट होत जाते. त्यातच, तराफा बांधायला होकार देण्यापूर्वी ओडिसियस कॅलिप्सोकडून शपथ वदवून घेतो, की या सुटकेआड माझ्या घाताचा बेत नाही. देवी म्हणून त्याने तिच्यावर आंधळा विश्वास टाकलेला नाही.

सतरा दिवस तो झोप न घेता, सप्तर्षी डाव्या हाताला ठेवून तराफा हाकतो. अठराव्या दिवशी फिएशियन भूमीचे डोंगर दिसू लागतात, आणि नेमका तेव्हाच पोसायडन इथिओपियाहून परतताना त्याला पाहतो. वादळ उठते, डोलकाठी मोडते. कॅलिप्सोने नेसवलेल्या उंची वस्त्रांच्याच भाराने तो पाण्याखाली ओढला जातो. कसाबसा पुन्हा तराफ्यावर चढतो. तेव्हा ल्यूकोथिआ, जी पूर्वी कॅडमसची मुलगी आयनो म्हणून माणसांत वावरलेली आहे, समुद्रपक्ष्याच्या रूपाने वर येते आणि आपली ओढणी त्याला देते. ही छातीखाली बांध, तराफा सोड, पोहत जा, आणि जमिनीला लागलास की तोंड फिरवून ती समुद्रात परत टाक, असे ती सांगते.

कोणत्याही साध्या भक्तिकथेत नायकाने ओढणी डोळ्यांना लावून लगेच उडी घेतली असती. ओडिसियस विचार करतो. हाही कोणा देवाचा डाव नसेल कशावरून? जमीन अजून लांब आहे. जोवर लाकडे सांध्यात धरून आहेत तोवर मी तराफ्यावरच राहीन, आणि लाटेने तो फोडला की पोहेन, यापेक्षा बरा उपाय मला सुचत नाही. तो असे ठरवीत असतानाच पोसायडनची लाट येऊन तराफ्याच्या फळ्या उधळते. एका फळीवर घोड्यासारखी मांड टाकून तो अंगावरची जड वस्त्रे काढतो, ओढणी बांधतो आणि पाण्यात झेप घेतो. देवीची मदत त्याने नाकारली नाही, पण स्वतःच्या हातांनी बांधलेल्या तराफ्याचा आधार असेपर्यंत ती वापरलीही नाही. मला सबंध ‘ओडिसी’त याहून अर्थपूर्ण प्रसंग दुसरा वाटत नाही, आणि आपल्या लेखात त्याचा उल्लेखही नसावा याचे वाईट वाटते.

पुढे दोन दिवस आणि दोन रात्री तो पोहतो. अथीना बाकीचे वारे रोखून एकट्या उत्तरेच्या वाऱ्याला सोडते, म्हणजे लाटांना त्याच्यासमोर थोडी उतार मिळते. किनारा येतो, पण तो कडेकपारींचा. एक लाट त्याला खडकावर आदळणार तोच अथीना त्याला सुचवते आणि तो दोन्ही हातांनी खडक धरतो. परतणारी लाट त्याला ओरबाडून नेते तेव्हा तळहाताची सालटी खडकालाच चिकटून राहतात, जसे बिळातून ओढलेल्या ऑक्टोपसच्या चोषकांना खडे चिकटून येतात. हा तपशील महत्त्वाचा आहे. अथीनेने त्याला मती दिली, खडक मऊ केला नाही. मग तो खडकांना वळसा घालून नदीचे मुख शोधतो आणि त्या अनोळखी नदीलाच शरण जातो. नदी आपला ओघ थांबवून त्याला आत घेते. भान आल्यावर त्याचे पहिले काम म्हणजे सांगितल्याप्रमाणे ओढणी पाण्यात सोडणे. उसने घेतलेले परत केल्यावरच तो झुडपांखाली पाचोळा ओढून निजतो.

हाच क्रम इतर ठिकाणीही आढळतो. जादूगारीण सर्सीच्या जादूवर उतारा म्हणून हर्मीस त्याला काळ्या मुळाची, दुधासारख्या पांढऱ्या फुलाची ‘मोली’ नावाची वनस्पती देतो, पण केव्हा? युरिलोकस या सोबत्याने ‘मला परत नेऊ नकोस, आपण पळू’ अशी गयावया करूनही ओडिसियस डुकरे झालेल्या सोबत्यांसाठी एकटा निघाल्यावर, वाटेत. शेवटच्या लढाईत त्याच्या पत्नीला, पेनेलोपीला, लग्नाची मागणी घालत घरात ठाण मांडलेल्या १०८ मागणीदारांसमोर तो मुलासह आणि दोन सेवकांसह उभा असतो तेव्हा अथीना मेंटर या त्याच्या मित्राच्या रूपाने येते, त्याला टोचून बोलते आणि पिता-पुत्रांचे बळ अजमावण्यासाठी विजय हातात न देताच पाकोळी होऊन तुळईवर जाऊन बसते. ‘इलियड’च्या पहिल्या सर्गात ग्रीक वीर अकिलीसचे केस मागून धरून त्याला तलवार उपसण्यापासून अडवतानाही ती म्हणते, की तू ऐकणार असशील तर मी तुझा राग आवरायला आले आहे. तू ऐकणार असशील तर! केस धरून थांबवू शकणारी देवीही निर्णय त्याच्यावर सोडते.

सोबत्यांचे उदाहरण याच्या उलट बाजूचे आहे. वाऱ्यांचा रखवालदार एओलस याने सारे प्रतिकूल वारे बैलाच्या कातड्याच्या थैलीत कोंडून, चांदीच्या दोरीने बांधून दिले होते. नऊ दिवस प्रवास झाला, दहाव्या दिवशी इथाकावर पेटवलेले विस्तव दिसू लागले, आणि ओडिसियसला झोप लागली. थैलीत सोने-चांदी असेल या लोभाने सोबत्यांनी ती सोडली. येथे ओडिसियसचाही दोष मला दिसतो, कारण थैलीत काय आहे हे त्याने सोबत्यांना विश्वासात घेऊन सांगितल्याचे काव्यात कोठेही येत नाही. सूर्यदेव हेलिओसच्या गुरांना हात लावू नये, हे तर द्रष्टा टायरेसियसने आणि सर्सीने दोघांनीही आधी सांगून ठेवले होते. महिनाभर उलटा वारा, संपलेली शिधासामग्री आणि भूक, यांपुढे शपथ टिकली नाही. कापलेल्या गुरांची कातडी सरपटू लागली आणि सळईवरचे मांस हंबरू लागले, तरीही सहा दिवस मेजवानी चालली.

प्रतिवादाचीही बाजू मांडली पाहिजे, कारण ती खोटी नाही. हेलिओसच्या त्या बेटावर ओडिसियस प्रार्थनेसाठी दूर गेला असताना देवांनीच त्याच्या डोळ्यांवर झोप घातली, असे तो सांगतो. मग सोबत्यांच्या अपराधात देवांचा वाटा किती? त्याहून अवघड प्रश्न फिएशियन लोकांचा. त्यांनी अनोळखी पाहुण्याला अन्न, वस्त्र, भेटी देऊन घरी पोचवले, म्हणजे झ्यूसला प्रिय असलेला आतिथ्यधर्मच पाळला. आणि त्याबद्दल परतीच्या वाटेवर त्यांचे जहाज पोसायडनने बंदराच्या तोंडाशी दगड करून टाकले, तेही झ्यूसच्या संमतीने. राजा अल्किनोअस पोसायडनला १२ बैल अर्पण करायला निघतो, नगराचे नायक वेदीभोवती प्रार्थना करीत उभे राहतात, आणि कवी त्यांना तेथेच सोडून इथाकाकडे वळतो. त्यांचे पुढे काय झाले हे तो सांगतच नाही. यात न्याय शोधू गेले तर मला तो सापडत नाही, आणि होमरने तो असल्याचा आव आणलेला नाही, हा त्याचा प्रामाणिकपणा आहे. हेराक्लीसच्या बाबतीतही आपल्या लेखकाशी मी सहमत आहे. पाळण्यातल्या बाळावर साप सोडणाऱ्या हेराचा राग बाळाच्या कोणत्याही कृतीतून आलेला नव्हता. तो झ्यूसच्या कृतीतून आला होता. सर्व ग्रीक कथांना एकच माप लावता येत नाही, तेव्हा माझा दावाही ‘ओडिसी’पुरताच मर्यादित समजावा.

परंतु मदतीच्या स्वरूपाविषयी मात्र हेराक्लीस आणि जेसन यांच्या कथाही तेच सांगतात. ऑलिम्पिया येथील झ्यूसच्या मंदिरावर, जे इसवी सनपूर्व पाचव्या शतकाच्या मध्याला पूर्ण झाले, हेराक्लीसच्या १२ पराक्रमांची शिल्पे होती. त्यांतील एकात तो अ‍ॅटलसच्या जागी आकाश पेलून उभा आहे, मानेवर उशी घेतलेली आहे, समोरून अ‍ॅटलस सोन्याची सफरचंदे घेऊन आला आहे, आणि हेराक्लीसच्या मागे उभी असलेली अथीना एकच हात वर करून त्या भाराला आधार देते आहे. भार काढून घेतलेला नाही. जेसनचे ‘आर्गो’ जहाज एकमेकांवर आदळणाऱ्या खडकांमधून जाते त्या वेळी जेसनची कथा लिहिणारा कवी अपोलोनिअस सांगतो, की अथीनेने डाव्या हाताने खडक मागे रेटला आणि उजव्या हाताने जहाज पुढे ढकलले. पण त्याच क्षणी वल्ही धनुष्यासारखी वाकेपर्यंत वीर जोर लावीत होते, आणि द्रष्टा फिनिअसच्या सांगण्यावरून आधी कबुतर सोडून वाट पारखून घेतलेली होती. इसापाच्या एका कथेत जहाज बुडाल्यावर अथीनेला नवसामागून नवस बोलत राहणाऱ्या श्रीमंत अथेन्सवासीयाला शेजारून पोहणारा म्हणतो, ‘अथीनेबरोबर स्वतःचेही हात हलव’. ग्रीकांमध्ये ती म्हण होऊन बसली. ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ या वृत्तीची टर आपल्याकडच्या म्हणीनेही उडवली आहे, आणि शस्त्र न धरण्याच्या अटीवर पांडवांच्या बाजूला आलेला श्रीकृष्ण मराठी वाचकाच्या मनात घर करून आहेच. त्यामुळे अथीनेची ही रीत समजावून सांगायला आपल्या वाचकांसाठी लांबच्या वाटेने जावे लागणार नाही.

आपल्या लेखकांना माझी विनंती एवढीच आहे, की लेखाचा पुढील भाग येणार असेल तर त्यात टायरेसियसच्या भाकिताला जागा द्यावी. मागणीदारांचा निकाल लावल्यावरही पोसायडनशी समेट व्हायचा बाकी राहतो, आणि तो घडवायला अथीना मध्ये पडत नाही. ओडिसियसनेच खांद्यावर वल्हे घेऊन पायी चालत सुटायचे आहे; जेथील लोकांनी समुद्र पाहिलेला नाही, जे अन्नात मीठ घालीत नाहीत, आणि ज्यांच्यातला एखादा वाटसरू त्या वल्ह्याला धान्य उफणण्याचे फावडे समजेल, तेथे ते जमिनीत रोवायचे आणि पोसायडनला मेंढा, बैल आणि रानडुक्कर यांचा बळी द्यायचा. वीस वर्षांनी भेटलेल्या पेनेलोपीला पहिल्याच रात्री तो हे सांगून टाकतो, आणि काव्य संपते तेव्हा हा प्रवास व्हायचाच असतो. मुलांच्या पुरवणीत ही कथा क्रमशः देण्याचा विचार झाला, तर जहाजावरून मारलेली ती हाक, ल्यूकोथिआच्या ओढणीपुढची त्याची शंका आणि अथीनेला त्याने विचारलेला जाब, हे तीन प्रसंग जागेअभावी गाळले जाऊ नयेत. हवे तर सायरन आणि सिल्ला या समुद्रातील संकटांवर दोन ओळी कमी लिहाव्यात.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
एक निवृत्त भाषाशिक्षिका, सातारा